पंखयुक्त नळी : एका संकल्पनेचा व तिच्या परिभाषेचा इतिहास

यंत्रविद्येच्या इतिहासात काही वस्तू अशा आढळतात की, त्यांचे रूप अत्यंत साधे असते. परंतु त्या रूपामागील विचार स्पष्ट व्हावयास पिढ्यान्‌पिढ्या लागतात. नळीच्या अंगावर धातूच्या पातळ चकत्या बसवून तिचा पृष्ठभाग वाढविणे, ही अशीच एक कृती होय. मोटारीचा रेडिएटर, वातानुकूलन यंत्रामागची तांब्याच्या नळ्यांची व ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची जाळी, तेलशुद्धीकरण कारखान्यातील वाऱ्याने थंड होणाऱ्या नळ्यांच्या रांगा, ही सर्व एकाच कुळातील साधने आहेत. शास्त्रीय भाषेत त्यांस पंखयुक्त नळ्यांचे उष्णताविनिमयक असे म्हणतात. नळीतून पाणी, तेल किंवा वाफ वाहते. बाहेरून हवा वाहते. आणि आतील उष्णता नळीच्या भिंतीतून व पंखांतून बाहेरील हवेला मिळते.

या साधनाचा इतिहास सामान्यतः एका वाक्यात सांगितला जातो : पृष्ठ वाढविले म्हणजे उष्णता अधिक जाते, हे कळले आणि पंख आले. हे वाक्य अर्धेच खरे आहे. मोजपट्टीने मोजता येणारे पृष्ठ निराळे आणि उष्णतेच्या दृष्टीने कामी येणारे पृष्ठ निराळे. या दोहोंना ‘पृष्ठ’ हे एकच नाव होते तोपर्यंत पंखांची रचना हा अनुभवाचा व अंदाजाचा विषय राहिला. त्यांना वेगळी नावे मिळाली तेव्हा तो गणनेचा विषय झाला. पंखयुक्त नळीचा इतिहास हा मोठ्या अंशी एकत्र मिसळलेल्या कल्पना एकेक करून वेगळ्या काढण्याचा इतिहास आहे. आणि त्यामुळेच तो यंत्रविद्येइतकाच परिभाषेच्या अभ्यासकाच्याही कक्षेत येतो.

नावांची साक्ष

आरंभी या वस्तूच्या नावांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. इंग्रजीत तिला ‘फिन’ म्हणतात. ‘फिन’ म्हणजे माशाचा पर. जुन्या ब्रिटिश लेखनात तिलाच ‘गिल’, म्हणजे माशाचा कल्ला, असेही म्हटलेले आढळते. फ्रेंच भाषेत ‘एलेत’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ लहानसा पंख. जर्मन भाषेने ‘रिपे’, म्हणजे बरगडी, हा शब्द पत्करला. मराठी शास्त्रीय लेखनात ‘पंख’ हा शब्द सोयीचा आहे. मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात मात्र ‘फिन’ हाच शब्द ऐकू येतो.

चार नावे, चार चित्रे. त्यांपैकी पर, पंख व बरगडी ही केवळ आकारसादृश्यावरून आलेली आहेत. कल्ल्याचे रूपक मात्र कार्याच्याही जवळ जाते. कारण थोड्या जागेत पुष्कळ पृष्ठ सामावून भोवतालच्या प्रवाहाशी देवघेव करणे हेच कल्ल्याचे काम असते. तथापि याही शब्दाने मुख्य गोष्ट सांगितली जात नाही. ती ही की, पंखाचे मूळ व त्याचे टोक यांचे तपमान एक नसते. मुळाशी पंख नळीइतका तापलेला असतो. टोकाकडे जाता जाता तो थंड होत जातो. आणि जितका थंड होतो तितका निरुपयोगी होतो. ही गोष्ट नावात नव्हती. ती गणिताच्या भाषेतून पुढे यावयाची होती.

न्यूटनपासून फूर्येपर्यंत

पंखाच्या गणिताचा पहिला धागा १७०१ सालचा आहे. त्या वर्षी न्यूटन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात, स्वतःचे नाव न देता, उष्णतेच्या मापनश्रेणीवर एक छोटा लॅटिन निबंध प्रसिद्ध केला. तापलेल्या लोखंडाचे थंड होणे हे त्याचे व भोवतालच्या हवेचे तपमान यांतील फरकाच्या प्रमाणात असते, असे त्यांनी गृहीत धरले. त्या निबंधात एक बारकावा आहे. लोखंड स्थिर हवेत न ठेवता एकसारख्या वाहणाऱ्या वाऱ्यात ठेवले होते, असे न्यूटन मुद्दाम नमूद करतात. वाऱ्यामुळे तापलेली हवा सतत दूर जाते व तिच्या जागी थंड हवा येते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. पुढे मोटारीच्या व विमानाच्या पंखांना जी परिस्थिती लाभली ती हीच.

दुसरा धागा धातूच्या दांड्याचा. दांड्याचे एक टोक तापविले असता उष्णता दांड्यातून पुढे सरकते आणि सरकत असतानाच बाजूंनी हवेत निसटत जाते. म्हणजे दांडा हा एक लांब पंखच होय. लँबर्ट यांच्या मरणोत्तर, १७७९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अशा दांड्यावरील तपमान भूमितिश्रेढीने घटते, म्हणजे समान अंतरांवर ते समान प्रमाणात कमी होते, हा योग्य नियम आढळतो. १८०४ साली फ्रान्समध्ये बियो यांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. त्यांचा एक निष्कर्ष मोठा बोधप्रद आहे : दोन मीटर लांबीच्या लोखंडी दांड्याचे एक टोक कितीही तापविले, तरी दुसऱ्या टोकाचे तपमान एका अंशानेही वाढविता येणार नाही, कारण तत्पूर्वी तापविलेले टोक वितळून जाईल. या दांड्याच्या दूरच्या भागास मोजण्यासारखे पृष्ठ भरपूर आहे; पण त्याने बाहेर टाकण्यास उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. मोजलेले पृष्ठ व कामी येणारे पृष्ठ यांतील भेद या उदाहरणात पूर्णपणे सामावलेला आहे. बियो यांचे लक्ष मात्र दुसरीकडे होते. त्यांना उष्णतेच्या प्रसाराचा नियम हवा होता, उष्णता टाकण्याचे साधन नव्हे.

हा नियम फूर्ये यांनी दिला. ग्रेनोबल येथे प्रशासकाचे काम करीत असता त्यांनी १८०७ साली आपला निबंध पॅरिसच्या विद्वत्संस्थेस सादर केला, आणि १८२२ साली त्यांचा उष्णतेच्या वैश्लेषिक सिद्धांतावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. फूर्ये यांच्या श्रेढींची ख्याती मोठी असल्यामुळे त्यांचे एक दुसरे कार्य काहीसे मागे पडते. ते म्हणजे त्यांनी केलेला पारिभाषिक भेद. पदार्थाच्या आतून उष्णता किती सुलभपणे वाहते यास त्यांनी ‘अंतर्गत वाहकता’ म्हटले. आणि पदार्थाच्या पृष्ठावरून ती भोवतालात किती सुलभपणे जाते यास ‘बाह्य वाहकता’ म्हटले. तोपर्यंत ‘वाहकता’ या एकाच कल्पनेत या दोन्ही गोष्टी गुंतलेल्या होत्या. पहिली राशी पदार्थाचा गुण आहे. दुसरी केवळ पदार्थाचा गुण नसून वारा, आकार व परिस्थिती यांवर अवलंबून असते. पंखाचे सर्व भवितव्य या दोन राशींच्या गुणोत्तरावर व पंखाच्या मापांवर ठरते. धातूची अंतर्गत वाहकता मोठी असेल तर उष्णता टोकापर्यंत पोहोचेल. बाह्य वाहकता मोठी असेल तर ती वाटेतच निसटून जाईल. जोराच्या वाऱ्यात पंखाचे टोक अधिक थंड पडते व त्याचे पृष्ठ तुलनेने कमी कामी येते, हा वरवर विपरीत वाटणारा निष्कर्ष या भेदातूनच सहज निघतो.

कारखान्यातील पंख

सिद्धांत तयार होता. परंतु कारागिरांनी पंख वापरण्यास सुरुवात केली ती त्याच्या आधाराने नव्हे. इंग्लंडमध्ये गोल्डस्वर्दी गर्नी यांनी १८५६ साली एका शेगडीचे एकस्व घेतले. ओतीव लोखंडाचे उभे पिंप, त्याच्या भोवती उभ्या पंखांची रांग आणि पायथ्याशी पाण्याचे पसरट भांडे, अशी तिची रचना होती. विस्तीर्ण प्रार्थनामंदिरे उबदार ठेवण्यासाठी तिचा उपयोग झाला, आणि ईली व डरहॅम येथील मंदिरांत अशा शेगड्या दीर्घकाळ टिकून राहिल्या. १८६१ साली जूल यांनी वाफेच्या द्रवीकरणावर जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत नळीभोवतालच्या पाण्याच्या मार्गात सर्पिल तार बसवून उष्णतेची देवघेव वाढविण्याचा उपाय आहे. पृष्ठ तेच ठेवून प्रवाह बदलला तरी उष्णतासंक्रमण वाढते, हे त्यातून दिसले.

याच काळात ‘रेडिएटर’ हा शब्द रूढ झाला. भाषेच्या दृष्टीने हे एक चुकीचे नामकरण आहे. त्याचा धात्वर्थ ‘किरणांनी उष्णता टाकणारा’ असा होतो. उष्णता तीन मार्गांनी जाते : वहन, अभिसरण व प्रारण. यांपैकी अभिसरणास इंग्रजीत स्वतंत्र नाव मिळाले तेच मुळी १८३४ साली, विल्यम प्राउट यांच्या लेखनात. तत्पूर्वी प्रारण ही परिचित कल्पना होती. अभिसरणास नाव नव्हते. मोटारीच्या रेडिएटरमधून प्रारणाने जाणारी उष्णता अल्प असते. नव्वद अंश सेल्सिअस तपमानाचे काळे पृष्ठ तीस अंशांच्या भोवतालात दर चौरस मीटरला सुमारे पाचशे वॅट उष्णता किरणांनी टाकते. वाऱ्याच्या झोतात तेच पृष्ठ याच्या कित्येक पट उष्णता हवेला देते. शिवाय दाट बसविलेले पंख एकमेकांकडेच तोंड करून असतात. त्यामुळे एकाने टाकलेले किरण दुसऱ्यावर पडतात, आणि बाहेर जातात ते केवळ दर्शनी भागातून. जर्मन भाषेने या साधनास ‘क्यूलर’, म्हणजे ‘थंड करणारा’, असे म्हटले. त्या नावात उष्णता कोणत्या मार्गाने जाते याविषयी कोणतेच विधान नाही; म्हणून ते चुकीचेही ठरत नाही.

या ‘क्यूलर’चे एक प्रसिद्ध रूप विल्हेल्म मायबाख यांनी सिद्ध केले. १९०१ सालच्या मर्सिडीज मोटारीवर त्यांनी सहा मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या जुळवून मधाच्या पोळ्यासारखा शीतक बसविला. पाण्याचे मान त्यामुळे अठरा लिटरांवरून नऊ लिटरांवर आले. या रचनेत पंख नव्हते. हवाच नळ्यांतून जात होती व पाणी त्यांच्या मधल्या फटींतून. परंतु नळ्यांच्या भिंती पातळ असल्यामुळे सर्वच्या सर्व पृष्ठ पाण्याच्या निकट होते. दूरचे टोक असे काही नव्हतेच. पंखयुक्त नळी स्वस्त, मजबूत व दुरुस्तीस सोपी असल्यामुळे पुढे पुष्कळ ठिकाणी ती प्रचारात आली; मात्र या सोयीबरोबर दूरच्या टोकाचा प्रश्नही आला.

विमानाचे इंजिन व पंखाचे गणित

हा प्रश्न खरोखर निकडीचा झाला तो विमानामुळे. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाबरोबर पाणी, शीतक व जोडनळ्या यांचे ओझे वाहावे लागे, आणि जोडनळी फुटली की इंजिन निकामी होई. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात हे काहीच नव्हते. परंतु तेथे सिलिंडरच्या पंखांनी आपले काम केले नाही, तर झडपा जळत, दट्ट्या अडकत व उड्डाण संपुष्टात येई. १९०९ च्या सुमाराच्या फ्रेंच ‘ग्नोम’ इंजिनात पंखांसह सिलिंडर पोलादाच्या भरीव ठोकळ्यातून कातून काढलेले असत. आणि हवा मिळावी म्हणून सबंध इंजिनच फिरत असे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात फार्नबरो येथील ब्रिटिश विमान कारखान्यात ए. एच. गिब्सन यांनी सॅम हेरन यांच्यासह हवेने थंड होणाऱ्या सिलिंडरांवर पद्धतशीर प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष १९२० साली प्रसिद्ध झाले. पंखाची उंची, जाडी, दोन पंखांतील अंतर, धातू व वाऱ्याचा वेग ही पाच चले येथे प्रथमच एका नजरेखाली आली.

गणिताचे काम अमेरिकेत झाले. १९२२ साली हार्पर व ब्राउन यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विमानविद्या सल्लागार समितीच्या १५८ क्रमांकाच्या अहवालात हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या पंखांसाठी उष्णतावहनाची समीकरणे मांडली. फूर्ये यांच्या दांड्याचेच हे समीकरण. परंतु प्रश्न बदललेला होता. दांड्यावर अमुक ठिकाणी तपमान किती, असे न विचारता त्यांनी असे विचारले की, संपूर्ण पंख मुळाइतका तापलेला असता तर त्याने जितकी उष्णता टाकली असती, त्याच्या किती अंश तो प्रत्यक्षात टाकतो? या गुणोत्तराने ‘कामी येणारे पृष्ठ’ प्रथमच एका आकड्यात आले. मोजलेल्या पृष्ठास त्या आकड्याने गुणले की काम झाले. टोकाच्या कडेवरून जाणारी उष्णता हिशेबात धरण्यासाठी पंखाची उंची त्याच्या निम्म्या जाडीइतकी अधिक मानावी, ही त्यांची युक्तीही आजपर्यंत टिकून आहे.

या समीकरणातून निघणारा धडा पुढील आकड्यांवरून स्पष्ट होईल. सरळ व समान जाडीच्या पंखाची उंची अशी घ्यावी की, उंची, जाडी, धातूची वाहकता व वाऱ्याचा गुणांक यांपासून बनणारी निर्द्रव्य संख्या १ होईल. अशा पंखाने टाकलेली उष्णता अनंत उंचीच्या पंखाच्या ७६ टक्के असते. उंची दुप्पट केली, तर हे प्रमाण ९६ टक्क्यांवर येते. तिप्पट केली, तर साडेनव्याण्णव टक्क्यांवर. म्हणजे उंची दोनवरून तिनावर नेताना पंखाचा धातू पन्नास टक्क्यांनी वाढतो व उष्णता केवळ तीन टक्क्यांनी. विमानात प्रत्येक ग्रॅम धातू इंधनावर उचलून न्यावा लागतो. तेथे या तीन टक्क्यांची किंमत कोणालाही परवडणारी नव्हती.

मग दिलेली उष्णता टाकण्यास कमीत कमी धातू लागेल असा पंखाचा आकार कोणता? जर्मनीत अर्न्स्ट श्मिट यांनी १९२६ साली याचे उत्तर दिले. पंखातील तपमान मुळापासून टोकापर्यंत सरळ रेषेत घटले पाहिजे, म्हणजे धातूच्या प्रत्येक भागावर सारखाच भार पडेल. आणि या अटीतून पंखाचा छेद अन्वस्ताच्या आकाराचा, टोकाशी शून्य जाडीचा ठरतो. श्मिट यांच्या युक्तिवादास काटेकोर गणिती सिद्धता डफिन यांनी १९५९ साली दिली. शून्य जाडीचे टोक कोणत्याही कारखान्यात निघत नाही. परंतु त्रिकोणी छेद त्या आदर्शाच्या पुष्कळ जवळ जातो. ओतीव सिलिंडरांच्या पंखांना टोकाकडे निमुळता उतार देणे ओतकामाच्या सोयीचे असते. ती सोय व हे गणित येथे एका दिशेने जातात.

१९२७ च्या मे महिन्यात लिंडबर्ग यांनी न्यूयॉर्क ते पॅरिस हे साडेतेहतीस तासांचे उड्डाण राइट कंपनीच्या ‘व्हर्लविंड’ इंजिनावर केले. ते हवेने थंड होणारे होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या उपरोक्त समितीच्या प्रयोगशाळेत फ्रेड वाइक व त्यांचे सहकारी यांनी अशा इंजिनाभोवती घट्ट आवरण बसवून वाऱ्याचा अडथळा मोठ्या प्रमाणात कमी करून दाखविला. उघडे इंजिन अधिक थंड राहील, ही सर्वसाधारण समजूत होती. वस्तुतः जी हवा पंखांच्या मधून जाते तीच कामाची असते. बाजूने निघून जाणारी हवा केवळ अडथळा वाढविते. पृष्ठाप्रमाणेच वाऱ्याच्या बाबतीतही ‘आहे ते’ आणि ‘कामी येते ते’ यांत भेद करावा लागला.

एक राशी, दोन नावे. एक नाव, तीन राशी

हार्पर व ब्राउन यांच्या गुणोत्तरास त्यांनी दिलेल्या नावाचा मराठी अर्थ ‘परिणामकारकता’ असा होतो. १९४५ साली कार्ल गार्डनर यांनी निरनिराळ्या आकारांच्या पंखांसाठी एकसूत्री उपपत्ती मांडली, आणि त्याच राशीस ‘कार्यक्षमता’ हे नाव दिले. गार्डनर यांचे नाव रूढ झाले. ‘परिणामकारकता’ हा शब्द मात्र मोकळा राहिला नाही. पंख बसविल्याने जाणारी उष्णता, पंख नसताना तेवढ्याच पायातून जाणाऱ्या उष्णतेच्या किती पट आहे, या निराळ्या राशीस ते नाव मिळाले. पुढे संपूर्ण उष्णताविनिमयकाने शक्य असलेल्या कमाल देवघेवीपैकी किती साधली, या तिसऱ्या राशीसही तेच नाव मिळाले. पहिली व तिसरी राशी एकापेक्षा कधीच मोठी नसते. दुसरी एकापेक्षा बरीच मोठी असावी लागते, नाहीतर पंख बसविण्यात अर्थ नाही. १९२२ सालचा अहवाल आजच्या शब्दार्थाने वाचणाऱ्याची त्यामुळे फसगत होते. मराठीत परिभाषा घडविताना ‘पंखाची कार्यक्षमता’, ‘पंखाचा लाभांक’ व ‘विनिमयकाची परिणामकारकता’ अशी तीन स्वतंत्र नावे ठेवली, तर हा घोटाळा टाळता येईल. उशिरा आलेल्या परिभाषेस मिळणारा हा एक फायदा आहे.

कार्यक्षमतेचा व्यवहारातील अर्थ एका नळीच्या हिशेबावरून ध्यानात येईल. नळीचा बाह्य व्यास २५.४ मिलिमीटर, पंखाचा व्यास ५७ मिलिमीटर, पंखाची जाडी ०.४ मिलिमीटर आणि दर मीटरला ४३३ पंख, अशी रचना घेऊ. नुसत्या नळीच्या तुलनेत तिचे पृष्ठ सुमारे तेवीस पट भरते. वाऱ्याचा उष्णतासंक्रमण गुणांक दर चौरस मीटरला दर अंशास ५० वॅट धरला, तर ॲल्युमिनियमच्या पंखाची कार्यक्षमता सुमारे ८६ टक्के येते. साध्या पोलादाच्या पंखाची ६२ टक्के. आणि न गंजणाऱ्या पोलादाच्या पंखाची केवळ ३८ टक्के. तिन्ही नळ्यांचे पृष्ठ मोजपट्टीला अगदी सारखे दिसते.

पंख हवेच्या बाजूस का लावतात, हेही यावरून उलगडते. नळीतील पाण्याचा गुणांक ५,००० धरला, तर तो हवेच्या शंभर पट होतो. उष्णतेच्या मार्गातील जवळजवळ सर्व रोध हवेच्या बाजूस असतो. पाण्याचा वेग वाढवून त्या बाजूचा गुणांक दुप्पट केला, तरी एकूण उष्णता अर्ध्या टक्क्याने वाढेल. हवेच्या बाजूस ॲल्युमिनियमचे वरील पंख लावले, तर ती ढोबळमानाने सोळा-सतरा पट होईल. तेवीस पट पृष्ठ आणि सतरा पट उष्णता, यांतील तफावत म्हणजे काही अंशी पंखाची अपुरी कार्यक्षमता व काही अंशी पाण्याच्या बाजूस आता जाणवू लागलेला रोध.

या हिशेबातही एक गृहीत लपलेले आहे : पंख नळीला पूर्णपणे चिकटलेला आहे. प्रत्यक्षात नळीवर ॲल्युमिनियमची पट्टी ताणून गुंडाळलेली असते. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. पट्टी सैल होते, मध्ये हवेची सूक्ष्म फट पडते आणि उष्णतेची वाट अडते. गार्डनर व कार्नाव्होस यांनी १९६० साली या ‘संपर्करोधा’चे विश्लेषण प्रसिद्ध केले. थंड स्थितीत उत्तम वाटणारी नळी गरम कामावर उणी का पडते, याचे कारण त्यामुळे आकड्यांत सांगता येऊ लागले. अधिक तपमानासाठी नळीत खाच पाडून पंख तीत दाबून बसविणे, किंवा ॲल्युमिनियमच्या जाड नळीतूनच दाबाने पंख उभे करणे, हे उपाय योजिले जातात.

गार्डनर यांची उपपत्ती वाऱ्याचा गुणांक पंखावर सर्वत्र सारखा आहे असे मानते. हेही खरे नाही. नळीच्या पुढील बाजूस वारा आदळतो, मागील बाजूस तो संथ व भोवऱ्यांचा असतो. म्हणून नळ्यांच्या संपूर्ण जुडग्यांवर प्रयोग करणे अपरिहार्य झाले. स्टॅनफर्ड विद्यापीठात केज व लंडन यांनी अनेक प्रकारच्या पृष्ठांची मोजणी करून १९५५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे वैशिष्ट्य असे की, प्रत्येक पृष्ठासाठी मिळणारी उष्णता व मोजावी लागणारी दाबघट या दोन्ही रेषा एकाच आलेखावर दिलेल्या आहेत. पंख दाट केले की पृष्ठ वाढते. पण हवा ढकलण्यास पंख्याची शक्तीही अधिक लागते. उष्णतेचा लाभ व शक्तीचा व्यय शेजारी शेजारी मांडल्यावरच दोन रचनांची तुलना न्याय्य होते. १९६३ साली ब्रिग्ज व यंग यांनी त्रिकोणी मांडणीच्या पंखयुक्त नळ्यांसाठी दिलेली सूत्रे याच परंपरेतील असून ती दीर्घकाळ वापरात राहिली.

पाण्याचा प्रश्न

या सर्व सूक्ष्म भेदांची फलश्रुती केवळ इंजिनांपुरती नव्हती. औष्णिक वीजकेंद्रात टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ थंड करण्यासाठी प्रचंड पाणी लागते, आणि शीतमनोऱ्यांतून त्याचा मोठा भाग वाफ होऊन आकाशात जातो. बुडापेस्टचे लास्लो हेलर यांनी १९५० साली लंडनच्या जागतिक ऊर्जा परिषदेत कोरड्या शीतनाची योजना मांडली. बंद मार्गाने फिरणारे पाणी मनोऱ्यातील ॲल्युमिनियमच्या पंखयुक्त नळ्यांतून जावे व उष्णता वाऱ्याला द्यावी, म्हणजे पाणी मुळीच उडून जाणार नाही. त्यासाठी लागणारा विनिमयक त्यांचे सहकारी लास्लो फोर्गो यांनी रचला. १९६२ साली इंग्लंडमध्ये रूजली येथे १२० मेगावॅटच्या संचास असा मनोरा जोडण्यात आला. वाफ थेट पंखयुक्त नळ्यांत नेऊन तिचे द्रवीकरण करण्याची पद्धतीही दुसरीकडे विकसित झाली.

भारतात या प्रश्नाचे स्वरूप अधिक तीव्र आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये शीतमनोरे असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांना दर मेगावॅट-तासास ३.५ घनमीटर पाण्याची कमाल मर्यादा घालून दिली. त्याच वर्षी, आणि त्यापूर्वी २०१३ मध्येही, बीड जिल्ह्यातील परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. ज्या धरणांतून टंचाईग्रस्त गावांची तहान भागवावयाची, त्यांच्याच पाण्यावर वीजही अवलंबून असते, हे मराठवाड्यास त्या वर्षांत अनुभवास आले. झारखंडमधील उत्तर करणपुरा येथे ६६० मेगावॅटच्या तीन संचांसाठी हवेने थंड होणारे संघनित्र बसविण्यात आले असून त्यांपैकी पहिला संच २०२३ साली व्यापारी उत्पादनात आला.

तथापि कोरडे शीतन हा सर्वस्वी फुकटचा लाभ नव्हे. हवेच्या तपमानाखाली पंखयुक्त नळी जाऊ शकत नाही. बाष्पीभवनाने थंड होणारा मनोरा जाऊ शकतो. उन्हाळ्याच्या दुपारी, विजेची मागणी वाढलेली असतानाच, वाफ पुरेशी थंड होत नाही व संचाची वीज घटते. शिवाय पंख्यांना शक्ती लागते आणि विनिमयकाचा भांडवली खर्चही मोठा असतो. धुळीच्या प्रदेशात पंखांमधील फटी भरून येतात, त्यामुळे हवाही कमी जाते. पाणी वाचवावयाचे तर धातू, शक्ती व काही वीज द्यावी लागते. हा व्यवहार करावा किंवा नाही, हे त्या त्या प्रदेशात पाण्याचे मोल काय यावर अवलंबून राहते. परंतु तो किती द्रव्याचा आहे, हे मात्र पंखाची कार्यक्षमता, संपर्करोध, दाबघट व संघनित्रातील तपमान यांच्या हिशेबानेच सांगता येते.

तात्पर्य, न्यूटन यांच्या वाऱ्यातील लोखंडापासून उत्तर करणपुऱ्याच्या संघनित्रापर्यंत भौतिक तत्त्व एकच आहे. बदलत गेली ती त्याविषयी बोलण्याची भाषा. अंतर्गत व बाह्य वाहकता, मोजलेले व कामी येणारे पृष्ठ, धातूचा रोध व संपर्काचा रोध, उष्णतेचा लाभ व दाबाचा व्यय, असे एकेक जोड वेगळे झाले आणि प्रत्येक वेळी पूर्वी अनुभवाने करावयाची गोष्ट हिशेबाने करता येऊ लागली. ‘पृष्ठ वाढवा’ या सल्ल्याऐवजी ‘कोणत्या धातूचे, किती उंच, कसे जोडलेले व किती वाऱ्यातील पृष्ठ’ असा प्रश्न विचारता येऊ लागला. परळीसारख्या ठिकाणी पुढील काळात जो निर्णय घ्यावा लागेल, त्याची चर्चा मराठीतून व्हावयाची असेल, तर हे भेद मराठी परिभाषेतही शाबूत राहिले पाहिजेत.